बोल्स्टरचं कार्ड

“चौगुले, हे वाक्य तुम्ही जन्मात कधी बोलला आहात का?”

राजोपाध्ये सरांनी कार्ड टेबलावरून परत माझ्याकडे सरकवलं. सहाव्यांदा. मी मोजत होते, कारण तेवढंच माझ्या हातात होतं. कार्डावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘त्यांच्या उपस्थितीने संस्थेच्या प्रतिष्ठेस पुष्टी मिळाली.’

“नाही सर. पण छापून आलंय. अंक आहे, तारीख आहे, पान आहे.”

“छापणाऱ्यानं चुकीचा शब्द लावला तर आपणही लावायचा का? पुष्टी मिळते बातमीला. नाहीतर तालमीतल्या पोराला. प्रतिष्ठेला कुठली मिळतेय? न्या परत.”

नेलं परत. काय करणार!

ही एकोणीसशे सत्त्याऐंशीची गोष्ट. सांगलीत हळदीच्या एका पेढीच्या माडीवर आमच्या कोशमंडळाचं कार्यालय होतं. खाली हळदीची पोती, वर इंग्रजी-मराठी कोश. खाली पोती हलवली की वर आमच्या कार्डांवर पिवळी धूळ बसायची आणि दिवसभर शिंका. मी नुकतीच एम.ए. झाले होते. सहा महिन्यांची कच्ची नेमणूक, त्यातले पाच संपलेले. घरी आण्णांशी माझा करार झाला होता. नोकरी पक्की झाली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही झाली तर जयसिंगपूरच्या तंबाखूवाल्यांकडे होकार कळवायचा. मुलगा वाईट नव्हता म्हणे. मी त्याला बघितलंही नव्हतं. मला फक्त शब्दांत बसायचं होतं, आणि शब्द मला बसू देत नव्हते.

त्यातून माझ्या वाट्याला आला ‘बोल्स्टर’ हा इंग्रजी शब्द. अर्थ म्हटलं तर सोपा, आधार देणं, बळ देणं. पहिल्या दिवशी मी ‘लोड, तक्क्या’ लिहून मोकळी झाले. सर म्हणाले, “हे बैठकीवरचं झालं. क्रिया कुठाय?” मग मी क्रिया आणायला लागले आणि सर त्या उडवायला लागले.

“दुजोरा देणे?”

“बातमीला.”

“अनुमोदन?”

“ठरावाला.”

“पाठबळ?”

“चळवळीला. निवडणुकीतल्या उमेदवाराला. त्यात मागे किती माणसं आहेत ते मोजलेलं असतं.”

“पाठराखण?”

“चुकलेल्याची करतात. इथं कुणी चुकलेलं नाही.”

“मग टेकू!” मी जवळजवळ ओरडलेच. “टेकू देणे, सर! टेकू!”

“टेकू केळीला,” सर शांतपणे म्हणाले. “आणि सरकारला. माणसाला टेकू दिला असं कोण म्हणतं?”

मला त्या क्षणी ते कार्ड चुरगाळून खिडकीतून खाली हळदीच्या पोत्यावर टाकावंसं वाटलं. एका शब्दाला आठवडा! माझ्याबरोबर एम.ए. झालेल्या मुली कॉलेजात शिकवायला लागल्या होत्या आणि मी इथं शिंकत बसले होते.

“‘सावरून धरणे’ लिहा की,” मागून आवाज आला.

सरूताई माळी. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायच्या. पंचेचाळिशीच्या, हरिपूरच्या, घरी हळदीची शेती, शिक्षण मॅट्रिक. इंग्रजी त्यांना अडखळतच वाचता यायचं. पण आमच्याकडचं सगळ्यात अवघड काम त्यांच्याकडे होतं. राजोपाध्ये सरांचा नियम असा की प्रत्येक मराठी शब्दाला एक खरा उतारा हवा. कुठंतरी छापून आलेलं वाक्य, त्याचा अंक, तारीख, पान. “वाक्य बनवायचं नाही, शोधायचं,” हे ते दिवसातून दोनदा म्हणायचे. आम्ही उतारा लिहून आणला की तो सरूताईंकडे जायचा. त्या मागच्या खोलीत जाऊन तो अंक काढायच्या, ओळीवर बोट ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघायच्या आणि मग कार्डावर हिरव्या शाईनं सही करायच्या. ती हिरवी सही नसेल तर कार्ड छापखान्यात जात नसे. अकरा वर्षं त्या हे काम करत होत्या, तेही कच्च्या नेमणुकीवरच.

सरांनी चष्मा काढला. “बोला, सरूताई.”

“न्हाई, म्हणजे बघा. केळीला घड लागला की टेकू देतात. टेकू काढला की केळ आडवी. पण माणूस आपल्या पायावर उभा असतोय की. जरा लटपटत असतोय, एवढंच. त्याला टेकू न्हाई द्यायचा. त्याला सावरून धरायचं. दम आला की सोडून द्यायचं.”

सरांनी चष्मा परत चढवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “ऐकलंत, चौगुले? एम.ए. तुम्ही केलंय ना?”

ते वाक्य मला झोंबलं. सरांचा राग यायला हवा होता. मला सरूताईंचा आला. कुणी विचारलं होतं यांना? मॅट्रिक बाई, आपल्या सह्या करत बसावं ना! मी तोंडानं “छान आहे शब्द” म्हटलं आणि जागेवर जाऊन कार्डावर इतका जोर देऊन लिहिलं की टाकाचं टोक फाकलं.

“आता उतारा आणा,” सर म्हणाले.

चार दिवस मी मागच्या खोलीत होते. जुनी वर्तमानपत्रं, साप्ताहिकं, सहकारी संस्थांचे अहवाल, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे विशेषांक. आता संगणकावर एक बटण दाबलं की ढीगभर वाक्यं समोर येतात. तेव्हा आमच्याकडे त्या खोलीतले गठ्ठे आणि आमचे डोळे. पदर सावरलेला सापडला. तोल सावरलेला सापडला. भिलवडीला वाऱ्यानं लग्नाचा मांडव कलंडला आणि वऱ्हाडानं तो सावरून धरला, हेही सापडलं. मी तो अंकच नाचत घेऊन गेले.

“मांडव?” सर म्हणाले. “मला माणूस हवाय. माणसानं माणसाला सावरून धरलेलं हवंय. तेही घेरी येऊन पडताना नव्हे, मनानं.”

“सर, माणसं असं करत असतील, पण छापत नाहीत!”

“मग अजून शोधा.” आणि मग, चष्मा पुसत, नेहमीच्याच आवाजात, “शनिवारी कार्यवाह येतायत. ‘बी’चा खंड त्यांच्या हाती द्यायचाय. तुमचं एवढं एक कार्ड अडलंय. हेही झालं नाही, तर चौगुले, तुमची नेमणूक पक्की करा असं मला लिहिता यायचं नाही.”

तो गुरुवार होता. त्या संध्याकाळी घरी गेले तर ओसरीवर जयसिंगपूरचे दोन पाहुणे चहा पीत बसलेले. सहज आलो होतो म्हणे. आण्णा माझ्याकडे बघत नव्हते. आईनं मला खुणेनं विचारलं, झालं का? मी मान हलवली. नाही झालं.

शुक्रवारी सकाळी मी मागच्या खोलीत जाऊन बसले आणि वाक्य बनवलं.

सरळ सांगते, मला मजा आली. पाच महिने दुसऱ्यांची भिकार वाक्यं उतरवून काढत होते. हे माझं होतं. ‘चार माणसांनी सावरून धरलेला माणूस पडला तरी त्याला लागत नाही.’ चार वेळा वाचलं. मस्त झालं होतं. आता त्याला अंक हवा, तारीख हवी. तिथंही मी हुशारी केली. ‘शेतमित्र’ नावाचं एक साप्ताहिक पूर्वी निघायचं. त्याच्या एकसष्ट सालच्या गठ्ठ्याला वाळवी लागली होती. सुतळी बांधून तो सगळ्यात खालच्या फळीवर टाकलेला, कुणी हात लावायचं नाही. मी त्याची सुतळीही सोडली नाही. लिहिलं, साप्ताहिक शेतमित्र, १२ जून १९६१, पान ३. कोण बघणार? बघितलं तरी भुगाच हाताला लागणार.

कार्ड सरूताईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दूर धरून वाचलं, मग जवळ घेऊन.

“शेतमित्र? एकसष्ट?”

“हो.”

“वाळवीचा गठ्ठा?”

“हो. पान चिकटलेलं होतं. जपून उघडलं मी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या दौतीकडे बघत राहिले.

“काल तुझ्याकडं पाहुणे आले होते म्हणं,” त्या म्हणाल्या. हरिपूरपर्यंत बातमी गेली होती! सांगलीत काही लपत नाही.

“आले होते. तुम्ही सही करा ना ताई. सर वाट बघतायत.”

त्या कार्ड घेऊन मागच्या खोलीत गेल्या. अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. तो अर्धा तास मी कसा काढला मला माहीत. बाहेर आल्या तेव्हा पदराला, कपाळाला वाळवीची माती लागलेली. खाली बसल्या, हिरव्या शाईचं पेन उघडलं आणि सही केली.

मला वाटलं, सुटले. आणि वर असंही वाटलं की बघा, एवढा नावाजलेला काटेकोरपणा, आणि बाईंनी भुगा बघून सही ठोकली. मी मनातल्या मनात हसले होते. ते हसू आठवलं की आजही मला माझ्याच कानफटात मारावीशी वाटते.

शनिवारी सरूताई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. पिशवीत पेढ्यांचा पुडा होता. पिशवीच्या तोंडातून दिसत होता. कार्यवाहांच्या बॅगेत त्यांच्या पक्क्या नेमणुकीचा कागद आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सरांनी तीन वेळा लिहून ती मंजुरी मिळवली होती.

कार्यवाह म्हणजे बापूसाहेब आरवाडे. वकील. आवाज मोठा, हात त्याहून मोठे. त्यांना सरूताईंची जागाच मुळात पटत नसे. मागच्या भेटीत सगळ्यांसमोर म्हणाले होते, “पंडितांची कामं मॅट्रिकची बाई तपासते, हा काय प्रकार आहे?” सर तेव्हा फक्त “ती तपासते म्हणून आम्ही पंडित आहोत” एवढंच म्हणाले होते.

बापूसाहेबांनी ‘बी’च्या कार्डांचा पेटारा पुढं ओढला. “बोल्स्टर बघू. कोर्टात आम्हाला रोज लागतो हा. साक्षीला बळ आणायला.” त्यांनी कार्ड काढलं. वाचलं. आणि एकदम मांडीवर थाप मारली. “वा! राजोपाध्ये, काय वाक्य आहे हो! ‘चार माणसांनी सावरून धरलेला माणूस पडला तरी त्याला लागत नाही.’ परवा मला एका सत्काराला बोलायचंय, तिथं हेच वापरतो. लेख कुणाचा आहे हा? पूर्ण वाचायला हवा. आणा तो अंक.”

बघा, कसं असतं. वाक्य जरा वाईट बनवलं असतं तर वाचले असते.

“साहेब, त्या गठ्ठ्याला वाळवी लागलीय,” मी घाईघाईनं म्हणाले. “हात लावला की भुगा होतो.”

“असं? पण ताडून बघितल्याची सही आहे इथं. ताई, अंक उघडतो का?”

“उघडतो,” सरूताई म्हणाल्या.

त्या आत गेल्या आणि अंक दोन हातांवर घेऊन आल्या. वाळवीनं गठ्ठ्याची कड खाल्ली होती, मागचे महिने खाल्ले होते. बारा जूनचा अंक तेवढा पिवळा पण धडधाकट. बापूसाहेबांनी पान तीन उघडलं. गुळाचे भाव. कडबा कापायच्या यंत्राची जाहिरात. बागणीच्या कुस्त्यांचा निकाल. बापूसाहेबांनी पान उलटलं, चार बघितलं, दोन बघितलं, परत तीनवर आले.

खाली पेढीवर कुणीतरी पोती मोजत होतं, ते एक-दोन-तीन वर ऐकू येत होतं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. “चौगुले, हा उतारा तुम्हाला कुठं मिळाला?”

सरळ प्रश्न होता. उत्तरही दोन शब्दांचं होतं. मी बनवला. तोंडात आलं होतं, शपथेवर सांगते, ओठांपर्यंत आलं होतं. मग ओसरीवरचे पाहुणे दिसले, आण्णांची वळवलेली मान दिसली, आणि मी म्हणाले, “सर, ताडून बघायचं काम ताईंकडं असतं.”

प्रश्न काय आणि उत्तर काय! वकिलाच्या लक्षात यायला हवं होतं. पण वकिलाचं लक्ष हिरव्या सहीकडे होतं.

“ही सही तुमची?”

“व्हय.”

“पान बघून केलीत?”

“पान बघून केली.”

“मग उतारा कुठाय?”

“पानावर न्हाई.”

“नाही म्हणजे काय? नसलेल्या उताऱ्यावर सही?”

सरूताईंनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. “सही माझी हाय, साहेब. मी एवढंच सांगते.”

बापूसाहेबांना आणखी काही नकोच होतं. किती कार्डांवर अशा सह्या झाल्या असतील, अकरा वर्षांत काय काय घुसलं असेल, मंडळाची अब्रू, हे सगळं झालं. सर मध्ये दोनदा बोलायला उठले. मग त्यांची आणि माझी नजरानजर झाली आणि ते खाली बसले. त्यांना कळलं होतं असं मला आजही वाटतं. त्यांनी मला नंतर कधीच विचारलं नाही, आणि मी कधीच सांगितलं नाही. नेमणुकीचा कागद बॅगेतून बाहेर आलाच नाही. सोमवारपासून येऊ नका, असं सांगण्यात आलं.

सरूताईंनी अंक नीट घडी करून गठ्ठ्यात ठेवला, सुतळी बांधली, हिरव्या शाईची दौत सरांच्या टेबलावर ठेवली. जाताना पेढ्यांचा पुडा काढून मधल्या टेबलावर ठेवला.

“खावा सगळ्यांनी. आणलेत ते आणलेत.”

त्या गेल्यावर पुडा कुणी उघडेना. शेवटी बापूसाहेबांनीच उघडला आणि सगळ्यांपुढं फिरवला. मी एक पेढा घेतला. खाल्लाही.

दोन आठवड्यांनी माझी नेमणूक पक्की झाली. आण्णांनी कबूल केल्याप्रमाणे जयसिंगपूरला नकार कळवला. आईनं शिरा केला. मला तो गिळता येईना, तर ती म्हणाली, “अगं आता तरी हस की.” दुसऱ्या दिवशी मी सायकल काढून हरिपूरला गेले.

हळद काढणीचे दिवस होते. सरूताई अंगणात शिजवलेली हळद पसरत होत्या. कोपरापर्यंत हात पिवळे. मला बघून म्हणाल्या, “ये. चप्पल तिथंच काढ, हळदीवर पाय पडंल.”

मी चप्पल काढली आणि उभी राहिले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“काय?”

“की मी बनवलंय.”

“वाचल्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “एवढं गुळगुळीत कोण लिहितंय? शेतमित्रवाल्याला तर चार ओळी धड जुळवता येत नव्हत्या.”

“आणि तरी अंक उघडलात?”

“उघडला की. म्हटलं, आपण कोण पोरीला खोटं ठरवणार? असंल कुठंतरी. सगळा अंक वाचला बाई, कुस्त्यांसकट.”

“मग नव्हतं तर सही का केलीत?” माझा आवाज चढला. उलट मलाच राग येत होता, त्यांचाच. “अकरा वर्षांत एकदाही केली नाहीत, मग त्याच दिवशी का? मला सांगायचं, फेकून द्यायचं कार्ड तोंडावर! का नाही फेकलंत?”

त्यांनी हातातली हळद खाली टाकली. पदराला हात पुसायला गेल्या, मग हात बघून थांबल्या.

“तू पडायला आली होतीस, पोरी. दोन दिवस सावरून धरावं म्हटलं. एवढा शनिवार निघाला असता, की सोमवारी बसून खरा उतारा काढला असता, कार्ड बदललं असतं. कुणाला कळलंबी नसतं.”

मी रडायला लागले. मोठ्यांदा, लहान पोरासारखं. शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. सरूताई तिला म्हणाल्या, “काय न्हाई, हळद गेली डोळ्यात.”

“मी सरांना सांगते,” मी म्हणाले. “आत्ता जाते आणि सांगते.”

“सांगून काय? मला परत घेणार हाईत व्हय? ते वकील माणूस निमित्तच बघत होतं. आता तूबी जाशील. दोघींनी मिळून हळद वाळवायची?” आणि त्या हसल्या.

मला तेव्हा काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. त्यांनी नको म्हटलं आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. एकदाच नको म्हणाल्या होत्या त्या. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

निघताना त्यांनी मला फाटकाशी थांबवलं. “एक काम कर मात्र. त्या शब्दाला कधीतरी खरा उतारा लाव. नोकरी गेली ती गेली. पण माझ्या सहीखाली खोटं गेलं, तेवढं लागलंय मला.”

“लावते,” मी म्हणाले.

आणि छत्तीस वर्षं लावला नाही.

पहिल्या आवृत्तीत सरांनी ‘सावरून धरणे’ ठेवलं, उतारा काढून टाकला. अख्ख्या खंडात उतारा नसलेला तो एकच शब्द. नंतर मला बरे उतारे किती तरी सापडले. पुस्तकांत सापडले, भाषणांत सापडले. एकही लावला नाही. सरूताईंना मी खरा उतारा कबूल केला होता, आणि खरा उतारा कुठला हे मला माहीत होतं. तो लावायचा तर तो कुणी, कुणाला आणि का म्हटला हे सांगावं लागलं असतं.

त्याहून वाईट ऐकाल? आमच्या कार्यालयात त्यानंतर एक शब्द रूढ झाला. न बघता कुणी सही केली की म्हणायचे, “सरूताई करू नका.” नवीन मुलं यायची, त्यांना ही सरूताई कोण हे ठाऊकही नसायचं, पण पहिल्या आठवड्यात ती हेच शिकायची. “काय रे, सरूताई केलीस का?” सगळे हसायचे. सर असेपर्यंत त्यांच्यापुढं कुणी म्हणत नसे. ते गेल्यावर सर्रास. मी उपसंपादक झाले, संपादक झाले. कुणाला एकदाही म्हटलं नाही की अरे, त्या बाईनं बघून सही केली होती, सगळा अंक वाचून केली होती. आणि एकदा, एका मुलाच्या तेरा चुका निघाल्या तेव्हा, चिडून मीच म्हणाले, “ही काय सरूताई लावलीय तुम्ही?” तोंडातून गेलं. सगळे हसले. मी त्या दिवशी डबा न खाता घरी आले.

सरूताई तीन वर्षांपूर्वी वारल्या. मला दहा दिवसांनी कळलं.

आता दुसरी आवृत्ती निघतेय. मी निवृत्त आहे, पण अडलेली कार्डं सल्ल्याला माझ्याकडे येतात. बोल्स्टर आला. मी बसले आणि लिहिलं. ‘तू पडायला आली होतीस, पोरी. दोन दिवस सावरून धरावं म्हटलं.’ खाली लिहिलं, सरस्वती माळी, हरिपूर, मार्च १९८७. पाठवून दिलं.

आठ दिवसांत परत! संपादक ऋजुता मुतालिक स्वतः घेऊन आली. हुशार मुलगी आहे, मीच नेमली होती.

“मॅडम, संगणकावर या शब्दाचे शंभरावर उतारे आहेत. हाच कशाला?”

“हाच हवा.”

“अहो पण हा बोललेला आहे. छापलेला नाही. अंक नाही, पान नाही. नियम तुम्हीच शिकवलाय आम्हाला.” आणि मग जरा हसून, माझी समजूत काढल्यासारखं म्हणाली, “यावर सही केली तर सरूताई होईल ना, मॅडम.”

तिची काय चूक? तिनं कार्ड टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. सातव्यांदा, असं माझ्या मनात आलं.

म्हणून हे लिहिलंय. गोष्ट म्हणून एका अंकाकडे देतेय. ते छापतो म्हणालेत. छापून आलं की अंकाचं नाव, तारीख आणि पान घालून कार्ड परत पाठवीन. ऋजुता, तू किंवा तुझ्या हाताखालचं जे कुणी ताडून बघायला बसेल, त्यांनी हे पान उघडावं, ओळीवर बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचावं आणि मगच सही करावी. शक्यतो हिरव्या शाईनं. या वेळी उतारा पानावर आहे.